खुंटीवरची किल्ली

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पांचही प्रवेश-नाक्यांवर हलक्या मोटारगाड्यांचा पथकर महाराष्ट्र सरकारनें माफ केला, तेव्हां घरोघरीं आनंद झाला. उलट, १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या वाहनांस उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवावी असा हुकूम निघतांच जिकडे तिकडे कुरकुर सुरू झाली, आणि सरकारास मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. पैसा वांचला कीं कायदा चांगला, खर्च पडला कीं जुलमी, असा न्याय करण्याची संवय आपणां सर्वांस आहे. आम्हीही तिला अपवाद नाहीं.

परंतु ज्या कलमाचा आमच्या वाचकांच्या कुटुंबाशीं निकटचा संबंध आहे, त्याविषयीं दिवाणखान्यांत क्वचितच बोलणें निघतें. मोटारवाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनें १९९-अ हें कलम आलें. अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना नाहीं. वडील माणसांची संमति होती असेंच न्यायालय गृहीत धरतें. ती नव्हती, हें त्यांनींच सिद्ध करावयाचें. सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो खरा, पण तो ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीपुरता, घरांतील स्कूटर बहुधा त्याहून मोठी असते.

आतां एकत्र कुटुंबांतील व्यवस्था पाहा. गाडी आजोबांच्या नांवावर, हप्ते काकांनीं फेडलेले, किल्ली दारामागच्या खुंटीवर, आणि दहावींतला नातू शिकवणीस निघालेला. "जवळच तर जायचें आहे," असें म्हणून आई मान डोलावते. आजोबांस कोणी विचारीत नाहीं, कारण घरांतील वस्तु सर्वांचीच, ही आपली जुनी आणि चांगली रीत. मात्र कोपऱ्यावर एखादा पादचारी त्या गाडीखालीं सांपडला, तर पाटीवरचा क्रमांक एकाच माणसाचें नांव सांगतो. "मला ठाऊक नव्हतें," हें आजोबांचें म्हणणें खरें असलें, तरी उघड्या खुंटीवरच्या किल्लीपुढें तें कोणास पटावें?

कायदा कठोर आहे, असें कांहीं वाचक म्हणतील. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. पण ज्याचा हात मोडला, त्या वाटसरूच्या घरींही आजोबा असतातच; त्यांनीं दाद कोणाकडे मागावी? गाडी सर्वांनीं वापरावयाची आणि जबाबदारी मात्र कोणाचीच नाहीं, ही रीत घरांत चालते, रस्त्यावर चालूं शकत नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आज रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसलीं म्हणजे गाडी कोणाच्या नांवावर आहे, परवाना कोणाकोणाजवळ आहे, हें एकदां मोठ्यानें बोलून घ्यावें. नंतर किल्ली खुंटीवरून काढून जबाबदार माणसाच्या स्वाधीन करावी. नातू चार दिवस रुसेल. शिकवणीस सायकलवरून जाईल.