विश्लेषण : पकडलेला प्रत्येक बास मासा परत सोडणे योग्य आहे का?
अमेरिकेत पैसे मोजून खासगी तळ्यावर दिवसभर बास मासे पकडणारे हौशी अनेक आहेत. रे स्कॉट यांच्या ‘बास’ संस्थेने १९७२ मध्ये स्पर्धांत ‘पकडा आणि सोडा’ ही पद्धत आणली आणि ती सर्वत्र रुजली. मोठ्या जलाशयांत ते ठीकच. पण छोट्या, बंदिस्त तळ्याचे गणित वेगळे असते. तिथे बास हा सर्वात वरचा शिकारी, तर ब्लूगिलसारखे मासे त्याचे खाद्य. प्रत्येक बास परत सोडला, तर खाणारी तोंडे वाढतात, खाद्य तेवढेच राहते आणि मासे खुरटतात. म्हणूनच अशी गर्दी झालेल्या तळ्यातून काही लहान बास काढून टाकण्याचा सल्ला मत्स्यतज्ज्ञ देतात. मालक सांगेल तेवढे मासे घरी नेणे ही क्रूरता नव्हे, तळ्याची निगा आहे. सरसकट सोडण्यात दया दिसते. उपाशी मात्र मासेच राहतात.