पुराआधी निरोप पोहोचला पाहिजे

सावनेर तालुक्यातल्या खाप्यात पावसाचा थेंब नसतानाही कन्हानचे पाणी गढूळ होते आणि बघता बघता काठाला लागते. नदीकाठच्या माणसाला यात नवल वाटत नाही. कन्हान उगम पावते छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातपुड्यात; तिकडच्या पावसाचा लोंढा खाली इकडे उतरतो. त्या पावसाचे मूळ मात्र समुद्रात आहे. समुद्रावरून निघालेल्या बाष्पाचा हजारो किलोमीटर लांबीचा पट्टा आकाशातून वाहत येतो. शास्त्रज्ञ त्याला ‘वातावरणीय नदी’ म्हणतात. डोंगर आडवा आला किंवा कमी दाबाच्या क्षेत्राने हे बाष्प वर उचलले, की ते कोसळते.

गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी १९५१ ते २०२० या काळातील नोंदी तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. १९८५ ते २०२० दरम्यान देशात पावसाळ्यात आलेल्या सर्वांत भीषण दहा पुरांपैकी सात पुरांचा संबंध त्यांना या बाष्पप्रवाहांशी आढळला. केरळचा २०१८ चा महापूरही त्यात आहे.

आपल्या कन्हान-पेंच खोऱ्याने टंचाई आणि पूर ही दोन्ही टोके पाहिली आहेत. जुलै २०१९ मध्ये पेंचवरचे तोतलाडोह धरण आटले आणि नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी मिळू लागले. पुढच्याच वर्षी ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील अतिवृष्टीने पेंच, कन्हान, वैनगंगा फुगल्या. धरणांचे दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्यात गेली. टंचाईच्या धास्तीने धरण काठोकाठ भरून ठेवायचे आणि अतिवृष्टी आली की एकदम सोडायचे, या रीतीत नुकसान खालच्या गावांचेच होते. पऱ्हाटी पाण्यात राहिली की मुळे कुजतात, संत्र्याची फळगळ होते. शेतकऱ्याचा हंगाम बुडतो.

कॅलिफोर्नियात लेक मेंडोसिनो जलाशयात अशा बाष्पप्रवाहांचा अंदाज पाहूनच पाणी राखायचे की सोडायचे हे ठरवण्याचा प्रयोग यशस्वी झाला. तिथले अंदाज इथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, हे खरे. परंतु उपग्रह आपल्याकडे आहेत, हवामान खाते आहे. उणीव आहे ती दोन राज्यांमधील समन्वयाची. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने कन्हान-पेंच खोऱ्यासाठी संयुक्त अंदाज कक्ष उभारावा, धरणांतील साठा त्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करावा आणि विसर्गाची सूचना खाप्यासारख्या गावांत पाण्याच्या आधी पोहोचवावी. नदीला राज्याची सीमा अडवत नाही. निरोपालाही अडवता कामा नये.