थंडीतला ट्रेक : वाट निवडताना आधी घड्याळ बघा

डिसेंबर लागला की ट्रेकर्सची पावले अकोले तालुक्याकडे वळतात. सह्याद्रीत बर्फ पडत नाही, पाऊसही थांबलेला असतो. त्यामुळे थंडीतला ट्रेक सोपा, असा समज आहे. तो अर्धाच खरा.

हरिश्चंद्रगडाचेच बघा. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, म्हणून सूर्यास्त पाहिल्याशिवाय तिथून कुणाचा पाय निघत नाही. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि लगेच अंधार पडतो. म्हणजे पाचनईची सोपी वाटही टॉर्चच्या उजेडात उतरायची. तोवर गवत वाळून निसरडे झालेले असते, मुरुमावरून पाय घसरतो. सूर्यास्त हवा असेल तर मुक्कामाच्या तयारीने जावे, नाहीतर दुपारीच कडा सोडावा. नळीची वाट तर नवख्यांनी रील पाहून निवडूच नये.

कळसूबाईचे (१६४६ मीटर) उलटे. बारीतून रात्री चढून सूर्योदय गाठण्याचा बेत ठरलेला. मात्र सुट्टीच्या आदल्या रात्री शिड्यांवर गर्दी होते. त्यापेक्षा उजाडल्यावर चढावे. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की दिवसाही दूरवरचे दिसते.

गर्दी नको असेल तर रतनगड बरा. रतनवाडीतले अमृतेश्वर मंदिर, जंगलातली सावली, वर नेढे. नेढ्यात वारा झोंबतो, जॅकेट सोबत असू द्यावे. शेकोटी मात्र नको : हा परिसर अभयारण्याचा आहे आणि वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.