दसऱ्यापर्यंत रक्कम भरा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ज्या वाहनमालकांविरुद्ध अपघात दाव्याचा निकाल लागला आहे आणि ज्यांनी अजून एक रुपयाही न्यायालयात जमा केलेला नाही, त्यांना ही शेवटची सूचना. मी मृतांच्या आणि जखमींच्या घरच्यांच्या वतीने हे दावे लढवतो. दसऱ्यापर्यंत रक्कम जमा करा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते पाडून मिळावेत असा लेखी अर्ज द्या. पहिला हप्ता भरून अर्ज देणाऱ्याला आम्ही आडवे येणार नाही. यातलं काहीच केलं नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 खाली वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल आणि ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होईल.

‘गाडीचा विमा आहे, कंपनी बघून घेईल,’ असं म्हणून बहुतेक मालक मोकळे होतात. पॉलिसीचा कागद काढा आणि जबाबदारीच्या मर्यादेचा रकाना वाचा. तुमच्या गाडीमुळे समोरच्या गाडीचं, दुकानाचं किंवा घराचं नुकसान झालं, तर खासगी कारच्या पॉलिसीत त्याची मर्यादा साधारण साडेसात लाख रुपये असते, दुचाकीच्या एक लाख. काहींनी हप्ता वाचवायला ती 6 हजारांवर आणलेली असते. समोर भरलेला ट्रक किंवा लक्झरी बस असेल तर साडेसात लाखांत काय होणार? वरची रक्कम मालकाच्या खिशातून जाते. रस्त्यावरच्या माणसाच्या मृत्यूच्या किंवा जखमेच्या भरपाईला अशी मर्यादा नाही. पण नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या कारमध्ये तुमचेच पाहुणे बसलेले असतील, तर त्यांची जबाबदारी ती पॉलिसी घेत नाही. लग्नाला निघालेल्या गाड्यांमध्ये हेच होतं आणि मग सोयरा सोयऱ्यावर दावा लावतो.

मजूर वाहणाऱ्यांना तर मी हात जोडून आणि तितक्याच कडकपणे सांगतो. 4 एप्रिल 2025 रोजी नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात मजूर घेऊन निघालेला ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात महिला त्यात गेल्या. तरीही बाया-माणसं ट्रॉलीत उभी करून शेतावर नेणं थांबलेलं नाही. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतला मजूर आपोआप येत नाही. 2007 साली ब्रिज मोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट स्पष्ट केली. ट्रॉलीतल्या मजुराची जबाबदारी कंपनीवर नाही, कंपनीने त्याला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा तो आदेश होता. म्हणजे कंपनीने भरले तरी ते पैसे फिरून तुमच्याच दारात येतात. परवाना नसलेल्या पोराच्या हातात चावी दिली असेल, तर बहुतेक वेळा असंच घडतं.

गाडी विकली म्हणून सुटलो, असंही कोणी समजू नये. आरसीवर नाव कायम असेल तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. 2018 च्या नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून दिलं आहे. एमएच 26 असो की एमएच 24, नुसत्या बाँडवर विकलेल्या गाडीचं नाव आजच आरटीओत जाऊन बदलून घ्या. निकालानंतर जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नावे बक्षीसपत्राने फिरवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, देणं बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकतं. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात बोजा चढला की पीककर्जाला बँक दारात उभं करत नाही.

ज्यांची स्वतःची गाडी चेपली आहे आणि कंपनी पुरते पैसे देत नाही, त्यांनी मात्र गप्प बसू नये. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. मूल्य 5 लाख आणि दुरुस्ती 4 लाख असेल, तर गाडी टोटल लॉस. बँकेचं कर्ज 6 लाख राहिलं असेल, तर वरचा लाखभर तुम्हालाच फेडायचा आहे, म्हणून हप्ते थांबवू नका. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर झिजेपोटी निम्मी रक्कम कापली जाते. झीरो डेप घेतलेलं असेल तर यातली बरीचशी कपात टळते. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ‘संपूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, कारण चूक समोरच्याची असेल तर उरलेलं नुकसान त्याच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून मागता येतं. त्यासाठी अपघातापासून 6 महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, अशी तरतूद आहे. कंपनीशी वाद असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात निकाल लागला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाची वाटही आहे, तिची मुदत 2 वर्षं.

सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे. त्याआधी मजूर नेणाऱ्या प्रत्येक मालकाने प्रवाशांची परवानगी आणि विमा असलेली गाडी ठरवावी. यंदा ट्रॉलीत माणसं भरलेली दिसली, तर पोलीस ठाण्यात आणि आरटीओत लेखी तक्रार देऊ आणि पोच घेऊन ठेवू. उद्या अपघात झालाच, तर मालकाला आधी बजावलं होतं हे दाखवायला तीच पोच न्यायालयासमोर ठेवू.

थकबाकीदारांची यादी तयार आहे. दसऱ्यानंतर न्यायालय उघडेल त्याच दिवशी दाखल्यांचे अर्ज आणि दरखास्ती दाखल होतील. त्यानंतर कोणाच्या मध्यस्थीने, कोणाच्या फोनने किंवा चार दिवस थांबा म्हटल्याने त्या मागे घेतल्या जाणार नाहीत. पूर्ण रक्कम व्याजासह न्यायालयात जमा झाल्याची पावती आली, तरच त्या निकाली निघतील.