मोटारींना मजले, पायी चालणाऱ्यांना रस्त्याची कड

संध्याकाळी आसनगाव स्टेशनवर लोकल रिकामी झाली की माणसे दोन वाटांनी फुटतात. काही शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहतात, बाकीची चालू लागतात. कामावरून परतलेल्या बाया, हातात डबा घेतलेले कामगार, पाठीवर दप्तर असलेली कॉलेजची पोरे. वाटेत मुंबई-नाशिक महामार्गाची वर्दळ आणि दोन्ही अंगांना नव्या गृहसंकुलांचे फलक. फलकावर पोहण्याचा तलाव असतो, जिम असते, आणि हटकून असते ती ‘प्रशस्त पार्किंग’. स्टेशनपासून संकुलाच्या फाटकापर्यंत माणूस चालत कसा येणार, हे एकाही फलकावर लिहिलेले नसते.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत टॉवरच्या पोटात मोटारींचे मजलेच्या मजले उभे राहिले, तेच वारे आता वासिंद, आसनगाव, शहापूर आणि कल्याण रस्त्याने मुरबाडकडे सरकते आहे. आधी स्टिल्ट, म्हणजे खांबांवर उभी इमारत आणि खाली गाड्या. जागेचा भाव चढला की त्यावर पोडियम, म्हणजे गाड्यांचे दोन-तीन मजले, मग माणसे. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ग्रामपंचायतींच्या सुमारे दहा वर्षांपूर्वी नगरपंचायती झाल्या. गावाचे शहर होते आहे, याला आमची हरकत नाही. गावगाड्याचे गोडवे गाण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. बाबासाहेबांनी ‘शहराकडे चला’ सांगितले ते याच गावगाड्याचे स्वरूप ओळखून. प्रश्न असा आहे की जे शहर आपल्या दारात येते आहे, ते कोणाच्या मापाने कापलेले आहे?

मापाचाच हिशेब मांडू. एका मोटारीला उभे राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गाडी आत यायला, वळायला, उतारावरून चढायला लागणारी वाट धरली की हा आकडा पंचवीस-तीस चौरस मीटरवर जातो. आता आपल्या वस्तीत या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी जी रमाई आवास योजना आहे, तिच्यातले ग्रामीण घरकुल असते 269 चौरस फुटांचे. म्हणजे बरोबर पंचवीस चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे मापही तेच, स्वयंपाकघर धरून. चार-पाच माणसांचा संसार, चूल, भांडी, बाबासाहेबांची तसबीर आणि लेकरांचा अभ्यास, हे सगळे सरकारने जेवढ्या जागेत बसवले, तेवढी जागा टॉवरमध्ये एक मोटार रात्रभर झोपण्यासाठी घेते.

त्यातही गंमत अशी की मोटारीच्या या घराचा हिशेबच होत नाही. मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्याला लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली. तिच्यात पार्किंगचे क्षेत्र चटई निर्देशांकात धरले जात नाही. माणसाच्या खोलीचा इंच न् इंच मोजायचा आणि मोटारीचे मजले मात्र मोजणीबाहेर. मोटारी रस्त्यावर येऊ नयेत म्हणून ही सवलत, असे त्याचे समर्थन केले जाते. ते अगदीच खोटे नाही. पण पार्किंगची जागा जितकी वाढवावी तितक्या गाड्या वाढतात आणि त्या सगळ्या सकाळी एकाच फाटकातून त्याच अरुंद रस्त्यावर उतरतात. मुंबईत 2008 नंतर सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या बिल्डरांना वाढीव चटई क्षेत्राची खैरात वाटली गेली. त्यातले कित्येक वाहनतळ ओस पडले आणि गाड्या रस्त्यावरच राहिल्या. वाढीव मजले मात्र बिल्डरांच्या पदरात पडले ते पडलेच.

आणि मोटारी आहेत किती जणांकडे? 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभर कुटुंबांपैकी पाचांकडेही मोटार नव्हती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हा आकडा शंभरात आठाच्या आसपासच राहिला. उरलेल्या नव्वदांत आपण आहोत, डोळखांब-किन्हवलीकडचा कातकरी, ठाकूर आहे, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार आहे. गाडी नसलेल्याने त्याच संकुलात कर्ज काढून एक खोली घेतली, तर पोडियमच्या सिमेंट-लोखंडाचा खर्च त्याच्याही हप्त्यात बसतो. वर पार्किंगच्या पैशांचा घोळ वेगळाच. उघडी आणि स्टिल्टखालची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2010 मध्ये दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात दिला. पुढे रेरा कायदा आला. उघड्या जागेची विक्री आजही चालत नाही, झाकलेल्या जागेला मात्र वाट मिळाली. तेव्हा करारनाम्यात पार्किंगपुढे काय लिहिले आहे ते सही करण्याआधी वाचा.

पोडियमचा खरा मार बसतो तो रस्त्यावर. शहापूरच्या जुन्या बाजारपेठेतून चालताना दुकाने उघडी असतात, ओट्यावर कोणी बसलेले असते, दिवा असतो. बाई एकटी चालली तरी तिच्यावर चार ओळखीच्या नजरा असतात. पोडियमच्या इमारतीला रस्त्याकडे तोंडच नसते. दोन-तीन मजल्यांची आंधळी भिंत, एक फाटक, एक पहारेकरी. त्या भिंतीकडेने अंधारात चालत जाते ती त्याच संकुलात धुणीभांडी करणारी बाई. तिच्या मालकिणीची गाडी उतारावरून थेट लिफ्टपाशी पोहोचते. एकीच्या पायाला रस्ता लागत नाही आणि दुसरीला रस्त्यावाचून गत्यंतर नाही.

भारतीय रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथावर चालायला किमान 1.8 मीटरची मोकळी पट्टी हवी. रस्ता किती रुंद आहे हे बिल्डर डोळ्यांत तेल घालून मोजतो, कारण त्यावर त्याला मिळणारा चटई निर्देशांक ठरतो. त्या रुंदीत पदपथ किती, हे कोणी मोजत नाही. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 32,825 पादचारी मेले. हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की चालण्यायोग्य पदपथ हा संविधानाच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच महिन्यात राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ नये असा विचार सुरू आहे. विचार चांगला आहे. पदपथ दाखवल्याशिवाय टॉवरला परवानगी नाही, असाही विचार एखाद्या मंत्र्याने करून पाहावा. पुढच्याच महिन्यात, 5 जूनला, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या आणि आज त्या रस्त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे, पायी माणसाची बातच सोडा.

आता एक आक्षेप आपल्याच माणसांकडून येईल, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. शिकून, नोकरी करून आपल्या पोराने गाडी घेतली तर तुम्हाला का खुपते? मुळीच खुपत नाही. वाहन हा आपल्यासाठी चैनीचा विषय कधीच नव्हता. 1893 साली अय्यंकाली त्रावणकोरच्या सार्वजनिक रस्त्यावरून बैलगाडीत बसून गेले, तेच बंड ठरले. 1929 साली बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले तेव्हा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. महारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर होता, पण बाबासाहेबांनी पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना रुचेना. म्हणून टांगा भाड्याने घेऊन तो हाकायला सवय नसलेला आपलाच माणूस बसला, आणि मोरीवर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. वाहनाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्या काळी वाहन नसलेला माणूस जसा रस्त्यावर हलका ठरत होता, तसाच तो आजच्या नकाशावरही ठरणार असेल, तर गाडी घेतलेल्या आपल्या पोराची आईसुद्धा त्यात आली. ती आजही विहारात चालतच जाते.

म्हणून नगरपंचायतीचा विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा तो केवळ जमीनदलालांनी पाहायचा कागद समजू नका. शाखेच्या दोन-चार कार्यकर्त्यांनी कार्यालयात जाऊन नकाशा पसरावा. स्टेशनपासून, एसटी स्टँडपासून, शाळेपासून आपल्या वस्तीपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या रेघेवर पदपथ कुठे आहे, दिवा कुठे आहे, महामार्ग ओलांडायला काय आहे, हे लेखी विचारावे. नवे टॉवर मंजूर करताना रस्त्याकडच्या बाजूला आंधळी भिंत नको, दुकाने आणि ओटे हवेत, ही हरकत त्याच अर्जात घालावी. मुदत संपायच्या आत अर्ज द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये.