‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हे नक्की कुणाला सांगताय?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास एका सोसायटीच्या रखवालदाराला रिक्षातून माझ्या दवाखान्यात आणलं. वय पंचावन्नच्या आसपास. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. ताप मोजला तर १०६ फॅरनहाइट. सोबत आलेले गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, तासाभरापूर्वी तापाची गोळी दिलीय, पण ताप उतरतच नाहीये." आम्ही कपडे सैल केले, अंगावर पाणी ओतलं, पंखा लावला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवला आणि अ‍ॅम्ब्युलन्सने मोठ्या रुग्णालयात पाठवलं. नशीब चांगलं, माणूस वाचला.

जाताना ते गृहस्थ म्हणाले, "यांना सांगितलं होतं हो, दुपारी उन्हात बसू नका म्हणून." मी विचारलं, "मग बसायचं कुठे?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. रखवालदाराची केबिन पत्र्याची, पश्चिमेकडे तोंड केलेली, आत पंखा नाही.

वाचकहो, हा लेख त्या न मिळालेल्या उत्तराबद्दल आहे.

दर उन्हाळ्यात सूचना येते : ‘दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडणे टाळा.’ वैद्यकीयदृष्ट्या सूचना अगदी बरोबर आहे. मीही रुग्णांना तेच सांगतो. पण ती पाळणं फक्त त्यालाच शक्य आहे ज्याला घरी बसून पगार मिळतो. भाजीवाली, बांधकामावरचा मजूर, झाडूवाली, ट्रॅफिक पोलीस, तुमचं जेवण घेऊन येणारा मुलगा यांनी ती कशी पाळायची? उष्माघाताचा धोका सर्वात जास्त ज्यांना, त्यांच्याच उपयोगाची ही सूचना नाही. आणि असा माणूस कोसळला की आपण म्हणतो, ‘काळजी घेतली नाही.’ माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

उष्माघात म्हणजे ताप नव्हे

साध्या तापात मेंदूतला तापमान ठरवणारा काटा वर सरकतो. पॅरासिटामॉल तो काटा खाली आणतं. उष्माघातात काटा जागेवरच असतो, पण बाहेरची उष्णता इतकी असते की शरीराला आतली उष्णता बाहेर टाकताच येत नाही. म्हणून गोळीने काहीही होत नाही, उलट वेळ जातो. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे मुंबई-कोकणात कमी तापमानालाही माणूस कोसळू शकतो. शिवाय बातम्यांत जो आकडा येतो, तो सावलीतल्या तापमापकाचा असतो. डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला यापेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागतं.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला आलेली माणसं तासन् तास उघड्यावर बसली होती. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. सरकारी आकड्यानुसार १४ जणांचा मृत्यू झाला. ही माणसं बेफिकीर होती का? त्यांना बोलावलं होतं, बसायला सांगितलं होतं, आणि डोक्यावर छत नव्हतं. वेळ आणि जागा त्यांनी ठरवली नव्हती.

सूर्य थांबवता येत नाही, मान्य

कुणी म्हणेल, ‘महापालिका काय ऊन थांबवणार?’ नाही. पण सावली आणि पाणी देता येतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला : आधीच इशारा, डॉक्टरांना प्रशिक्षण, जागोजागी पाण्याची सोय. पुढे इतर शहरांनीही त्याचा कित्ता गिरवला. म्हणजे हे अशक्य नाही.

आता आपल्या पुण्यात बघा. बहुतेक सार्वजनिक बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या पुढे पुन्हा उघडतात. शहरातली सर्वात दाट सावली, आणि तिला नेमकं दुपारी कुलूप! फाटकाबाहेर फूटपाथवर, उन्हात, हातगाडीवाला उभा. हे कुलूप काढायला नवी योजना किंवा मोठा निधी लागत नाही. तुमच्या नगरसेवकाकडे, क्षेत्रीय कार्यालयात या उन्हाळ्यात एवढी एकच मागणी करा.

आणि आपण स्वतः?

सगळं महापालिकेवर ढकलून मोकळं होता येणार नाही. रखवालदाराची केबिन महापालिकेची नसते, ती आपली असते.

- केबिनला पंखा, पत्र्यावर पांढरा रंग किंवा हिरवी जाळी, आणि शेजारी पाण्याचा माठ. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या.
- घरकामाच्या मावशींना दुपारी एकऐवजी सकाळी बोलवा.
- रंगकाम, दुरुस्ती, माल चढवणं-उतरवणं १२ ते ४ बंद ठेवा, पण त्या वेळेचे पैसे कापू नका.
- पार्सल घेऊन आलेल्याला लिफ्ट वापरू द्या, पाणी विचारा.

कुणी कोसळलं तर

उन्हात किंवा उकाड्यात माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. खिशातल्या कांद्यावर विसंबू नका. शुद्धीवर असेल तर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घोट-घोट द्या.

तो रखवालदार तीन आठवड्यांनी पुन्हा कामावर आला. मी चौकशी केली. केबिन तीच होती, पत्रा तोच होता. पंखा मात्र आला होता, त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला.

आज जिना उतरताना एकदा तुमच्या गेटवरच्या केबिनमध्ये डोकावून बघा. दुपारी दोन वाजता.