शिरूरचा भूगोल आणि लेसोथोचे पाणी

शिरूर तालुका कोरडा का, असे विचारले की पुढाऱ्यांचे उत्तर तयार असते : भूगोल. उत्तर खोटे नाही. मोसमी वारे आपले बहुतेक ओझे भीमाशंकरच्या माथ्यावर रिते करतात आणि रांजणगावपर्यंत येईतो त्यांच्यापाशी वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस उरतो. परंतु हे उत्तर अर्धे आहे. घोड आणि कुकडी या नद्या त्याच सह्याद्रीत उगम पावून या तालुक्याच्या कडेने वाहतात. आकाशाने जे नाकारले ते नदीने आणून दिले आहे. ते कोणाच्या शेतात थांबावे, हे मात्र निसर्ग ठरवीत नाही.

हा भेद नीट कळण्यासाठी आफ्रिकेतील लेसोथो या चिमुकल्या देशाकडे पाहावे. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, समुद्रकिनारा नसलेला हा देश क्षेत्रफळाने पुणे जिल्ह्याच्या सुमारे दुप्पट. त्याची सर्वांत सखल जागादेखील समुद्रसपाटीपासून जवळजवळ १४०० मीटर उंच. डोंगराळ, नापीक, म्हणून दरिद्री, असे भूगोलाची पुस्तके सांगतात. कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन गोऱ्या बोअर वसाहतवाल्यांनी १८६० च्या दशकातील युद्धांत बळकावली, हे त्यांत क्वचितच येते. जमीन गेली, मग पिढ्यान्‌पिढ्या तेथील पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत उतरले. देशाजवळ उरले ते पाणी. १९८६ साली वर्णद्वेषी राजवटीशी झालेल्या करारानुसार तेही बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या औद्योगिक पट्ट्याकडे वळविण्याचे ठरले व १९९८ पासून ते वाहू लागले. लेसोथोच्या सरकारला त्याचे स्वामित्वशुल्क मिळते, हे खरे. ज्यांची कुरणे कात्से धरणाखाली गेली त्या डोंगरी लोकांना भरपाईसाठी झगडावे लागले, हेही खरेच.

यातले काय आपल्या परिचयाचे नाही? डिंभे धरणासाठी आंबेगावच्या महादेव कोळ्यांची जमीन पाण्याखाली गेली. कालव्याच्या शिरोभागी उसाचे मळे डोलतात आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी येते. १९९० च्या दशकात रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली, रोजगार आला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण तेथील कंत्राटी कामगार ज्या भाड्याच्या खोलीत राहतो, तेथे पाणी किती वेळ येते, हे एकदा जाऊन पाहावे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पाण्याच्या अग्रक्रमात उद्योगाला शेतीच्या वर बसविले. टीकेची झोड उठल्यावर २०११ साली तो क्रम बदलावा लागला. पर्जन्यमान तेच, सह्याद्री तोच. बदलला तो फक्त मंत्रिमंडळाचा निर्णय.

भूगोलाची सबब पुढे करणाऱ्यांनी याच तालुक्यातील इनामगावची आठवण ठेवावी. घोडकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे केले. तीन हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी दगडमातीचा बांध घालून पुराचे पाणी पाटाने वळविल्याचे पुरावे मिळाले. गावप्रमुखाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार, असेही आढळले. कोठाराची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न अर्थशास्त्राहून जुना आहे!

त्याचे एक उत्तर याच जिल्ह्यात, तितक्याच अवर्षणग्रस्त पुरंदरमध्ये, विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकापासून देऊन ठेवले आहे. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातील माणसांवर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस वर्ज्य. ही शेवटची अट आपल्या सहकारी साखरसम्राटांच्या घशाखाली उतरणे कठीण, आणि म्हणूनच पाणी पंचायतीचा गौरव पुष्कळ झाला, अनुकरण थोडे.

शिरूरच्या कार्यकर्त्यांपुढचे काम यातून स्पष्ट होते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तनाच्या तारखांवर भांडण होते, वाट्यावर होत नाही. धरणात किती साठा होता, त्यातून कारखान्यांना, उसाला, भुसार पिकांना आणि पिण्यासाठी किती दिले, हा हिशेब गावोगावच्या चावडीवर मराठीत लावला जावा, अशी मागणी पुढील आवर्तनापूर्वी प्रत्येक ग्रामसभेतून ठरावाने गेली पाहिजे. टेलच्या गावांनी आरंभ करावा.